साहेबांची चौदा तारीख

—नाही नाही, बसा हो, कपाट उघडायला मला वेळ लागतो. ऑडिटला आलात ना, मग हे आधी बघा. एक्सरसाइज प्राइस म्हणजे काय ते तुम्हाला मी काय शिकवणार! पण मला साहेबांनी कशी समजावली ते ऐका — पगार वाढवा म्हणून गेले होते, तर हातात शेअर ऑप्शनचं पत्र ठेवलं. म्हणाले, ताई, आज आपला शेअर ऐंशीला आहे, चार वर्षांनी दोनशे होऊ दे नाहीतर पाचशे, तुला ऐंशीलाच मिळणार, वरचं सगळं तुझं. मी भाबडी, खूश! चार वर्षं वाढीचं नाव काढलं नाही. आणि आज शेअर कितीला? साठला! साठची वस्तू ऐंशीला घ्यायला मला काय वेड लागलंय? परत गेले, म्हटलं, माझ्या पत्रातली किंमत तेवढी कमी करा. तर चष्म्यावरून बघत म्हणतात — ताई, ज्या दिवशीचं पत्र त्या दिवशीचा भाव, नियम म्हणजे नियम. अस्सा जीव जळला माझा!

आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःसाठी पत्र. किंमत किती? वीस! आता भाव साठ असताना वीस आली कुठून? — सांगते ना. वर्षभराचे भाव समोर घेऊन बसले, बोट फिरवत फिरवत सगळ्यांत पडलेला दिवस शोधला, आणि तीच, चौदा तारीख ठोकली पत्रावर. मिटिंगचं इतिवृत्तसुद्धा त्याच तारखेचं, अध्यक्ष स्वतः साहेब! अहो, त्या चौदा तारखेला साहेब ऑपरेशन टेबलावर होते, पित्ताशय काढत होते त्यांचं! बाहेर बाकावर त्यांची कवळी रुमालात बांधून मी बसले होते दिवसभर — तोंडात दात नाहीत, शुद्ध नाही, आणि म्हणे मिटिंग घेतली! हे घ्या हॉस्पिटलचं बिल. इतिवृत्त टाइप करतानाच तारीख माझ्या लक्षात आली होती, पण चकार शब्द काढला नाही, म्हटलं, पडू दे खड्ड्यात—

पेन का थांबलं तुमचं? ...हो. टाइप मीच केलं. मिटिंगला हजर म्हणून खाली सहीही माझीच आहे. म्हणजे... ते पण लिहावं लागेल तुम्हाला? निवृत्तीला अकरा महिने राहिलेत हो माझे — द्या, द्या ते बिल इकडे.

...नाही. राहू दे तुमच्याकडे. मी सुटले तर तेही सुटतील, आणि ते मला बघवायचं नाही. लिहा माझं नाव. आणि उठा आता — त्यांची केबिन उजवीकडे. दार वाजवू नका, सरळ आत जा.