निळ्या कोटाच्या खिशातली डिस्क

मी, शोभना रवींद्र सुपेकर, वय ६४ वर्षे, धंदा घरकाम, त्यापूर्वी एकोणीस वर्षे शाळेच्या उपाहारगृहात नोकरी, मूळ राहणार फलटण, जिल्हा सातारा, सध्या राहणार हीदर कोर्टच्या टोकाचे घर, शॉमबर्ग, इलिनॉय. आज १८ ऑक्टोबर रोजी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी, कोणी बोलावले नसताना ठाण्यात येऊन लिहून देते की,

माझी मुलगी सावनी, वय २८, हिने १५ तारखेला याच ठाण्यात तक्रार दिली आहे. तिच्या बँडच्या अल्बमचे मूळ रेकॉर्डिंग असलेली काळी, डबीएवढी हार्ड डिस्क आमच्या बेसमेंटमधून चोरीस गेली आणि तिचा संशय बँडचा पूर्वीचा ड्रमवादक देव वानखडे याच्यावर आहे, अशी ती तक्रार आहे. देवने डिस्क घेतलेली नाही. चोरी झालेलीच नाही. डिस्क माझ्या हातून गेली आहे.

इथल्या बाई अधिकाऱ्यांनी मला माझ्या भाषेत लिहायला सांगितले, भाषांतर नंतर करून घेऊ म्हणाल्या. माझे वडील फलटण ठाण्यात हवालदार होते. साहेबांचे रायटर म्हणून लोकांचे जबाब तेच लिहून घेत. जबाबात वेळ लिहावी, वाईट वाटले ते लिहू नये, असे ते सांगत. मी तसेच लिहीत आहे.

माझे पती रवींद्र हे इलेक्ट्रिकल इंजिनियर होते. निवृत्तीनंतर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आणि नाटकांना माईक व स्पीकर तेच सांभाळत. दोन वर्षांपूर्वी सावनी म्हणाली की बँडला स्टुडिओ मिळत नाही. त्यांनी त्याच आठवड्यात बेसमेंटच्या भिंतींना माझ्या सासूबाईंच्या चार गोधड्या ठोकल्या आणि आवाज घुमू नये म्हणून जिन्याखाली गादी उभी केली. बँडमध्ये तिघे होते. सावनी गिटार आणि गाणे, तिची मैत्रीण अनिका बेस गिटार, आणि देव ड्रम. देव मूळ नागपूरचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत वर्क व्हिसावर आहे.

हे कसले गाणे, असे मी विचारले होते. हे म्हणाले, "पॉप पंक. पंक म्हणजे चिडलेल्या मुलांची गाणी, आणि पॉप म्हणजे त्यातली आईला ऐकवता येतील ती."

रेकॉर्डिंग शनिवार-रविवार दुपारी चाले. आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीत हीटरच्या हवेची जाळी आहे, तिच्यातून बेसमेंटमधले सगळे वर ऐकू येते. हे म्हणत, "अरे नागपूरकर, ते ड्रम वाजवायचेत की फोडायचेत?" देव म्हणे, "काका, पंक आहे. फोडाचेच असतात." मग हे "परत एकदा" म्हणत आणि एक, दोन, तीन, चार मोजत. सावनी म्हणे, "बाबा, काउंट मराठीत नको ना." हे म्हणत, "ड्रमला कुठे कळतंय?" मोजणे शेवटपर्यंत मराठीतच राहिले.

अकरा गाणी झाली. सगळे एकाच डिस्कवर होते. प्रत्येक वाद्य वेगळे, आणि गाण्यांच्या मधले बोलणेही, कारण हे मशीन बंद करत नसत. दुसरी प्रत केली नव्हती. क्लाउडवर ठेवा असे अनिका दोनदा म्हणाली होती. "दुसऱ्याच्या माळ्यावर आपलं सामान कशाला?" असे हे म्हणाले.

गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी हे गेले. चहा झाला होता.

त्यानंतर सावनी तिचे भाड्याचे घर सोडून माझ्याकडे राहायला आली. मार्चपासून ती आणि अनिका बेसमेंटमध्ये बसून डिस्क ऐकत आणि कोणत्या वेळचे गाणे चांगले ते निवडत. खाली थंडी असते म्हणून सावनी तिच्या बाबांचा निळा लोकरी कोट घालून बसे. जाळीतून मला यांचा आवाज रोज ऐकू येई. परत एकदा. एक, दोन, तीन, चार.

६ एप्रिलला दुपारी ४ च्या सुमारास जाळीतून यांचा आवाज आला, "शोभना, चहा टाक गं, चार कप." मी आधण ठेवले. साखर, आले घातले. कप भरून ट्रे घेऊन खाली गेले. खाली सावनी आणि अनिका दोघीच होत्या. सावनीने मशीन बंद केले. अनिका दोन कप प्यायली.

जूनपासून अल्बमची जाहिरात सुरू झाली. प्रकाशनाची तारीख १४ नोव्हेंबर ठरली. तीन गाणी आधी सोडली. सावनीने आमच्या ड्राइव्हवेवर, गोधड्यांसमोर, माझ्या ओट्यापाशी छोटे व्हिडिओ केले आणि त्यात बाबांबद्दल सांगितले. पोस्टरवर यांचा फोटो घातला, कानाला हेडफोन, अंगात तोच कोट. ती पोस्टरे शिकागोच्या देशी बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवरही लागली. मी भाजी आणायला गेले असता दुकानदाराने विचारले, "हे कोण गायक? कार्यक्रम कधी आहे?" मी म्हणाले, ते येणार नाहीत. आणि मेथी न घेता निघाले. पुष्कळ अनोळखी लोकांनी व्हिडिओखाली चांगले लिहिले. सावनी मला वाचून दाखवी. तिला त्याने बरे वाटत होते, हे मी पाहिले आहे.

अल्बमच्या शेवटी गाणे न ठेवता यांचे मधले बोलणे ठेवायचे, आणि त्याचा तुकडा जाहिरातीत आधी सोडायचा, असे ऑगस्टमध्ये ठरत होते. २३ ऑगस्टला दुपारी देव आणि सावनीचे भांडण झाले. मी ते जाळीतून ऐकले. देव म्हणाला, "सावनी, आपण काकांना विकून राहिलो." सावनी म्हणाली, "ही वॉज माय डॅड, देव. तुझे नाही. गेट आउट." देव वर आला, माझ्या पाया पडला आणि गेला. बेसमेंटच्या दाराची किल्ली त्याच्याकडे राहिली. तक्रारीत जी किल्ली लिहिली आहे ती हीच.

वर्षश्राद्ध तिथीने ३ ऑक्टोबरला आले. सावनी आणि अनिका दुसरा ड्रमवाला घेऊन २ ते ६ तारखेपर्यंत मॅडिसन आणि मिनियापोलिसला कार्यक्रमांना जाणार होत्या. मी म्हणाले, एक कार्यक्रम कॅन्सल कर. ती म्हणाली, "आई, प्लीज. तारखा वर्षभर आधी ठरतात. आणि बाबांना हेच आवडलं असतं." मी म्हणाले, तिथीही वर्षभर आधीच ठरते.

३ तारखेला सकाळी साडेसहा वाजता पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओवरून विधी सांगितले. घरात मी एकटी होते. दानासाठी यांचे कपडे, दोन स्वेटर, छत्री, बूट आणि निळा कोट असे एका बॅगेत भरले होते. कोट मी बेसमेंटच्या खुंटीवरून काढून आणला. ही बॅग मंडळातले पुरुषोत्तम ४ तारखेच्या विमानाने नेऊन फलटणजवळच्या वृद्धाश्रमात देणार होते. इथल्या दानपेटीत कपडे टाकायला माझे मन घेत नव्हते. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे मी बॅगेवर तुळशीचे पान ठेवले आणि उदक सोडले. गुरुजी म्हणाले, "आता हे तुमचं नाही. मागे बघायचं नाही."

नंतर बॅग काट्याला अडकवली. वजन २४.४ किलो भरले. विमानात २३ चालते. मी बॅग उघडली. वरच कोट होता. त्याच्या आतल्या खिशात हात घातला, तेव्हा डिस्क हाताला लागली. सावनीनेच ऐकून झाल्यावर सवयीने ती खिशात ठेवली असणार. डिस्क मी ओळखली. तिच्यावर यांनी चिकटपट्टी लावून तारीख घातली आहे. वेळ ७ वाजून ५० मिनिटे.

मी डिस्क खिशातच ठेवली. बूट काढून बाहेर ठेवले. वजन २२.९ झाले. साडेनऊला पुरुषोत्तम बॅग घेऊन गेले.

६ तारखेला सावनी परत आली. खुंटी रिकामी पाहून तिने विचारले, "बाबांचा कोट?" मी म्हणाले, दिला. ती जिन्यात बसली. "मला विचारायचं तरी," एवढे म्हणाली. डिस्क बेसमेंटमधल्या मशीनखालच्या खणात आहे अशी तिची समजूत होती. शिकागोच्या कंपनीला शेवटच्या कामासाठी मूळ रेकॉर्डिंग द्यायचे म्हणून १४ तारखेला तिने खण उघडला. डिस्क नव्हती. दोघींनी बेसमेंट उलटेपालटे केले. मी त्यांना जेवायला वाढले. दुसऱ्या दिवशी ती इथे आली. ती कुठे निघाली आहे ते मला माहीत होते, आणि मी तिला जॅकेट घाल म्हणून सांगितले.

काल १७ तारखेला देवला इथे बोलावून विचारपूस झाली. संध्याकाळी ५ वाजता तो माझ्या दारात आला. सावनी घरी नव्हती. तो आत आला नाही. म्हणाला, "काकू, ऑफिसमधे कळलं तर संपलं. व्हिसाचं रिन्युअल आहे डिसेंबरात. चोरीची केस लागली तर मला परत जावं लागंल." मग म्हणाला, "मी नाही घेतली. तुम्हाला तर माहीत आहे नं, काकू?"

मी हो म्हणाले. तो माझ्याकडे पाहत राहिला, कारण मी फार लवकर हो म्हणाले होते. दारात यांचे बूट होते, त्यांना पाय न लावता तो गेला.

दान दिलेली वस्तू परत घेऊ नये म्हणून मी डिस्क काढली नाही, असे मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होते. ते खरे नाही. बूटही त्याच दानातले होते आणि ते मी काढले. बूट काढता आले, तर डिस्कही काढता आली असती. मुलीवर राग होता म्हणून केले का, असे अधिकारी बाईंनी फोनवरच्या दुभाष्याकरवी विचारले. राग होता. पण त्यासाठी नाही. चहाला हाक आली की उठायचे नाही, हे मला मार्चपासून एकदाही जमले नाही. दुसरे कारण मला लिहिता येत नाही.

काल देव गेल्यावर, रात्री साडेनऊला तिकडे सकाळ झाली तेव्हा, मी वृद्धाश्रमात फोन केला. व्यवस्थापक म्हणाले की आलेले कपडे आधी धुतात, मग वाटतात. कोट धुऊन एका आजोबांना दिला आहे, त्यांना तो बरोबर बसतो. धुतल्यानंतर खिशात काळी डबी सापडली, ती टेबलाच्या खणात ठेवली आहे. ती चालते की नाही हे त्यांना सांगता येत नाही. डबी परत पाठवा असे मी त्यांना सांगितले आहे. कोट त्या आजोबांकडेच राहू द्या असे सांगितले आहे.

देव वानखडे याचा यात काही संबंध नाही. त्याच्या किल्लीने कोणी दार उघडले नाही. त्याचे नाव कागदातून काढावे. जी काही शिक्षा असेल ती माझ्या नावावर लिहावी. हे सावनीला मी अजून सांगितलेले नाही. तिला फक्त ठाण्यावर ये असा निरोप दिला आहे.

जबाब लिहून झाल्यावर वाचून दाखवायचा असतो. इथे मराठी वाचणारे कोणी नाही, म्हणून मीच तो मोठ्याने वाचला. अधिकारी बाईंना त्यातले काही कळले नाही, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. चार कपांपाशी मला थांबावे लागले, त्यांनी पाणी दिले. दार उघडे होते. ११ वाजून ४० मिनिटांनी मी वर पाहिले तेव्हा बाहेरच्या बाकावर सावनी बसलेली होती. ती कधी आली ते माहीत नाही. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकलेले सगळे समजते. तिला पाहूनही मी वाचायची थांबले नाही, आणि ती उठून गेली नाही. जे वाचले ते माझ्या सांगण्याप्रमाणे खरे व बरोबर आहे.

सही,
शोभना रवींद्र सुपेकर