सुपारीवरची सावली

आदरणीय अध्यक्ष दिनानाथराव, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती कल्पिता, आणि एक डोळा भज्यांच्या परातीवर ठेवून माझ्याकडे बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अलिबागेत वेबसाइटींचं दुकान चालवणाऱ्या या परेशला भाषण येत नाही. तरी उभं केलंत. आता भोगा!

कल्पिता आमच्याकडे काय करायची? वेबसाइटच्या मजकुरामागे नक्षी पसरलेली असते ना, ती. फोटोचा लहानसा चौकोन घ्यायचा, त्याच्या कडा अशा जुळवायच्या की तोच शेजारी शेजारी मांडत गेलं तरी सांधा दिसू नये. नियम एकच. उठून दिसेल असं काही ठेवायचं नाही, नाहीतर ते पानभर पुन्हा पुन्हा दिसतं. तिनं जांभा दगड केला, कोळ्यांची जाळी केली. काम इतकं चोख, की कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग कौतुक कोण करणार?

एका रिसॉर्टसाठी तिनं श्रीवर्धनला घरच्या माडीवरून, अंगणात वाळत घातलेल्या सुपारीचा फोटो काढला. खाली तिचे वडील, दत्तात्रेयअण्णा, सुपारी उलटवत होते. "अगं, मी मधे येतोय काय? होऊ बाजूला?" ही म्हणाली, "राहा हो अण्णा, नंतर पुसते." आणि पुसलं. सावली तेवढी चार-दोन सुपाऱ्यांवर राहून गेली.

पुढे अण्णा वारले. मूळ फोटोची डिस्क आपल्या खाऱ्या हवेनं खाल्ली. मुंबईला नेऊन दाखवली, तिथंही हात वर केले. आणि अशात रिसॉर्टवाल्यांचा फोन, "पानावर सारखा काळा डाग दिसतो, काढा." कल्पितानं फाइल उघडली आणि त्या डागावर बोट ठेवलं. म्हणाली, "दादा, हे अण्णा आहेत."

मी काय करणार? कधी लाइट गेली म्हणालो, कधी नेट. शेवटी ते वैतागले. नक्षीच नको, सगळं पांढरं करा! हल्ली सगळ्यांनाच पांढरं हवं असतं. म्हणूनच तर हिचं काम संपलं आणि ही पुण्याला निघाली.

आता हिची आई, येसूकाकी, रोज दुपारी फोनवर ते पान उघडतात. बोटानं सरकवलं की सावली पुढे पुढे येते. "हे चालतायत बघ," म्हणतात. तुम्ही म्हणाल, काकींना तसंच वेगळं पान करून द्या. दिलं की! त्या म्हणाल्या, "हे ओसाड हाय. तिथं माणसं येतात, खोल्या विचारतात. यांना माणसांची सवय." ऐकताय ना, अध्यक्ष महाराज? रिसॉर्टवाल्यांच्या हातापाया पडलो. व्यर्थ. येत्या सोमवारी ते पान मलाच पांढरं करायचंय, आणि काकींना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. कल्पिता म्हणते, दादा तुम्ही सांगा. मी म्हणतो, कुठल्या तोंडानं सांगू?

काय गं कल्पिता? खुणा कसल्या करतेस? मागे काय?

अरे देवा. येसूकाकी. तुम्ही तर येणार नव्हतात.

या, पुढे या. अरे, खुर्ची द्या कुणीतरी! काकी, रडू नका हो. फोन आणलाय ना? बसा इथं, उघडा. सोमवारपर्यंत आहेत ते.

मंडळी, तुम्ही आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. नको ते बोलून गेलो, ते पोटात घाला. काकी, तुम्ही तरी घाला. मला दुसरं काही करता येत नाही.