केळीच्या पानातला भात

आमच्या संजयनं फिलिपीन्सची बायको केली, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. वऱ्हाड म्हणून संभाजीनगरातून मी एकटाच गेलो. त्याची आई, आपल्या काकू, आल्याच नाहीत. "तिकडं काय काय खातात कुणास ठाऊक," म्हणल्या.

तिथं नवरीची आजी दिसेल तेव्हा मला एकच विचारायची, "जेवलास का?" अगदी आपल्यासारखं. पाहुण्याला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत ते लोक. निघताना तिनं केळीच्या पानात बांधलेला भात माझ्या हातात दिला. "नवरदेवाच्या आईला दे," असं सांगितलं.

तो मी विमानात मांडीवर धरून आणला. काकूंनी दोन बोटांनी उचलला.

"यात मटणबिटण नाय ना?"

"काकू, तांदूळ, नारळाचं दूध अन् गूळ. बस."

"बरं, ठेव तिथं," म्हणल्या, अन् मी चपला घालेपर्यंत भात दारातल्या गाईपुढं. गाईनं पानासकट खाल्ला.

पुढं एकदा संजयचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी काकूंकडंच होतो. आजी त्याच्या शेजारी बसलेली.

संजय म्हणला, "आई, आजी विचारतेत, भात आवडला का? तुझ्यासाठी स्वतः चुलीपुढं बसल्या होत्या."

काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणल्या, "सांग त्यांना, लई गोड होता."

आजी एवढी हसली की सगळं बोळकं दिसलं.

फोन ठेवला. काकू बराच वेळ दाराकडं बघत बसल्या. मग हळूच मला म्हणल्या, "खरंच गोड होता का रे?"