हुकुमाचं हसू

...आणि वर मलाच विचारतो, ‘‘आजोबा, तुम्हाला हसायला काय होतं?’’ काय होतं म्हणजे? अहो, हसायला आधी काहीतरी व्हावं लागतं ना! काहीच झालं नाही, म्हणूनच तर नाही हसलो!

तुम्हाला सांगतो, उभा जन्म नळ दुरुस्त करण्यात गेला माझा. शाळेचं म्हणाल तर चौथीत मास्तरांनी आणि मी एकमेकांना कंटाळून निरोप घेतला. पण एक गोष्ट पक्की शिकलोय, टाकीत पाणी असेल तर नळाला येतं, नसेल तर कितीही पिळा, नुसता खर्रर्र आवाज. हसण्याचंही तेच. हसू आलं तर हसेन, नाही तर नाही! पण ऐकतो कोण?

तर झालं काय, आमच्या हिची टीव्हीवर निवड झाली. हो, हिची! भुवया कशाला वर करताय? तो कार्यक्रम नाही का, साधी घरातली माणसं उभी राहतात, पाच मिनिटं घरातलंच काही मजेशीर सांगतात, समोरचे लोक हसले तर पुढच्या फेरीत, नाही हसले तर गपगुमान घरी. आणि सगळं थेट! म्हणजे तुम्ही तिकडे शिंकलात की इकडे व्याह्यांच्या दिवाणखान्यात ऐकू येतं. ही म्हणाली, ‘‘जन्मभर तुमच्या गमती ऐकल्या, मला कधी एक सांगू दिली नाहीत. आता पाच मिनिटं मी बोलणार आणि तुम्ही गप्प बसणार. आणि अहो, हसायचं नाही हं! तुमचं ते सुरू झालं की थांबत नाही, आणि ते ऐकलं की मला पुढचं आठवत नाही.’’

आता माझं हसणं आहे थोडं... कसं सांगू... बोकडाला ठसका लागला तर कसं होईल, तसं. लेकीच्या लग्नाचा फोटो आहे घरी, त्यात नवरा-नवरीसकट सगळे दचकून एकाच बाजूला बघतायत. त्या बाजूला मी आहे. म्हटलं, बरं बाई, दिला शब्द. नाही हसणार.

गेलो. स्टुडिओ म्हणजे बाहेरून गोदाम. आत एका बाजूने नुसता झगमगाट, आणि त्याच झगमगाटाच्या मागे डोकावलात तर प्लायवूडची फळकुटं, वाकडे खिळे आणि कोणाचा तरी अर्धा राहिलेला चहा. थंडी एवढी, की दात असते तर वाजले असते. हिला नेलं तोंडाला रंग लावायला, मला बसवलं दुसऱ्या रांगेत. आणि मग आला तो! दोन्ही कानांवर ही एवढाली भांडी, आणि तोरा असा की जणू लढाईच लढायचीय. मी लगेच नाव ठेवलं, कानझाक्या.

‘‘मंडळी, हात वर केला की टाळ्या! हात असा गरागरा फिरवला की हसायचं! मूठ मिटली की गप्प! चला, तालीम!’’

आणि फिरवला हो त्याने हात, आणि अख्खा हॉल खो खो खो खो... कशावर? त्याच्या मनगटावर! माझ्या शेजारी एक बाई होती, रोजची, प्रत्येक कार्यक्रमाला येणारी. ती तर डोळे मिटून हसत होती, आणि हसता हसता चक्क डुलकी काढत होती! मला कोपराने ढोसून म्हणते, ‘‘भाऊ, सोपं आहे. तोंड उघडायचं, पोट हलवायचं. आवाज बाकीचे करतात.’’ म्हटलं, ‘‘ताई, मी तोंड उघडतो ते फक्त जेवायला आणि भांडायला. हसू आलं तर हसेन, नाही तर नाही!’’

सुरू झाला कार्यक्रम. पहिले आले बँकेतले एक साहेब. त्यांची गंमत काय, तर चष्मा कपाळावर आणि साहेब घरभर शोधतायत! अहो, ही गंमत? आमच्याकडे याला सकाळ म्हणतात! पण फिरलं मनगट आणि कोसळला हॉल. मी आपला ठोंब्यासारखा. तेवढ्यात समोरच्या मोठ्या पडद्यावर बघतो, तर कोणीतरी म्हातारा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलेला! म्हटलं, कोण हा दुर्मुखला? तर तो मी! आणि सांगू? मला बघून लोक जे हसले ना, ते खरं हसले. कानझाक्याची मूठ मिटलेली, तरी हसले!

जाहिराती लागल्या तसा धावत आला. ‘‘आजोबा, तुम्हाला हसायला काय होतं? वरून ओरडतायत मला!’’

‘‘वरून? देव?’’

‘‘दिग्दर्शक!’’

‘‘मग त्यांना खाली पाठव, म्हणावं काहीतरी गमतीचं बोला. हसू आलं तर हसेन, नाही तर नाही!’’

झालं! उचलला मला आणि नेऊन बसवलं पार मागे, खांबाच्या आडोशाला, आग विझवायच्या बादलीशेजारी. म्हटलं, बरं झालं, इथे सोबत चांगली आहे, बादली उगाच हसत नाही.

आणि मग आली आमची ही.

तुम्हाला सांगतो, चांगली बोलत होती हो! पण तिची एक खोड आहे, बोलायला लागली की श्वाससुद्धा पुढच्या वाक्यात घेते. कानझाक्याने हात फिरवायचा कधी? बिचारा उचलतो, ही पुढे गेलेली, खाली घेतो, पुन्हा उचलतो, पुन्हा खाली... आणि लोक? त्यांना वळणच तसं लागलेलं! बोलण्याकडे एकाचा कान नाही, सगळ्यांचे डोळे त्याच्या मनगटावर! हॉलमध्ये असा सन्नाटा, की बादलीतली वाळू खाली बसलेली ऐकू यावी. पडद्यावर हिचं तोंड एवढं मोठं. वरच्या ओठावर घाम. रुमालाची पार सुरळी झालेली. आवाज बारीक होत चाललेला. पुढची फेरी राहू द्या हो, हिला तिथून धड उतरता येतंय का, असं झालं मला! आणि मग, खोटं कशाला बोलू, मी ठरवलं, गेला तो शब्द खड्ड्यात आणि गेला तो हट्ट, आपण हसायचं! उघडलं तोंड, हलवलं पोट... नुसता खर्रर्र!

आणि ही म्हणाली, ‘‘आमच्या घरचा नळ गळायचा. ह्यांना म्हटलं, बघा ना. तर म्हणाले, घरचं गिऱ्हाईक, रांगेत थांब. वर्ष गेलं. मग एक दिवस मी शेजारणीकडून ह्यांच्या दुकानात फोन लावला, तोंडावर रुमाल धरून. ‘भाऊऽ, आमचा नळ गळतोय होऽ.’ हे म्हणाले, ‘ताई, लगेच आलो! पत्ता?’ म्हटलं, शाळेमागची पिवळी इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. तर हे पिशवी घेऊन, पत्ता विचारत विचारत आले, आणि आमच्याच दाराची बेल वाजवली! आपण राहतो ती इमारत पिवळी आहे, हे ह्यांना त्या दिवशी कळलं!’’

अहो... अहो, ती फोनवरची बाई म्हणजे हीच! मला वाटत होतं कोणीतरी चुकीचा पत्ता दिला! आजतागायत त्या बाईला शिव्या घालत आलो, जेवताना, झोपताना, हिच्यासमोर! आणि ही मान डोलवायची, म्हणायची, ‘‘असतात हो अशी माणसं!’’ त्या दिवशी वर म्हणाली होती, ‘‘आलाच आहात पिशवी घेऊन, तर आपलाच बघा.’’ आणि मी बघितला! सगळ्या गावाला टोप्या घालणारा मी, आणि माझ्या डोक्यावर ही टोपी इतकी वर्षं, आणि मला पत्ता नाही!

सुटला बोकड! बादलीला धरून हसलो, खांबाला धरून हसलो. लोक दचकले, वळले, मग तेही फुटले, ती रोजची बाई डोळे उघडून हसली! कानझाक्या मूठ मिटतोय, मिटतोय, कोण बघतंय त्याच्याकडे! आणि मंचावर ही, पोट धरून, ‘‘पुढचं विसरले हो मी! म्हटलं होतं ह्यांना, हसू नका!’’

गेली की पुढच्या फेरीत! आता तुम्ही म्हणाल, आनंद आहे. कसला आनंद! दुसऱ्या दिवशी कानझाक्याचा फोन. ‘‘आजोबा, वरून निरोप आहे. पुढच्या वेळी आजींनी हीच गोष्ट सांगायची, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून, बेल वाजवली म्हटलं की हसायचं. अगदी तस्संच!’’ मी कडाडलो, ‘‘हसू आलं तर हसेन, नाही तर...’’ आणि मागून ही हळूच म्हणाली, ‘‘माझ्यासाठीसुद्धा नाही?’’

आता बोला! नळ एकदाच फुटतो हो, कळलेली गोष्ट पुन्हा कशी कळायची? पण सांगणार कोणाला? कालपासून तालीम सुरू आहे घरात. ती स्वयंपाकघरातून ओरडते, ‘‘बेल वाजवली!’’ आणि मी खुर्चीत बसून हसतो. आज सकाळपासून हसून हसून बरगड्या दुखल्या, आणि ही दारात उभी राहून म्हणते काय... ‘‘अहो, खोटं वाटतंय. पुन्हा.’’