जुनी गाडी, नवी गाडी आणि सासूबाई

नाही, गाडी चांगली आहे हो, मी कुठं नाही म्हणतोय, पण मला एक सांगा, जिच्या इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येतो तिला स्पोर्ट्स गाडी म्हणायचं की रेडिओ? हो, स्पीकरमधून. मेहुण्यानंच सांगितलं, तेही छाती फुगवून. खरा आवाज आत पोचत नाही म्हणे, म्हणून भरून ठेवलेला लावतात. म्हणजे उद्या मी दात काढताना पेशंटला भूल द्यायची आणि वर किंकाळीची टेप लावायची. दातांचा डॉक्टर आहे मी, म्हणून हे उदाहरण.

तर हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्यानं लालभडक नवी छोटी स्पोर्ट्स गाडी घेतली, आमच्या दारात आणून लावली आणि माझ्या गाडीकडे असं बघितलं, जसं मी किडक्या दाढेकडे बघतो. तुम्हाला सांगतो, माझी गाडीसुद्धा स्पोर्ट्सच आहे, दोनच माणसांची, फक्त माझ्या लग्नाच्या आधीची. टप गळतो, डावी काच खाली गेली की वर यायचं नाव घेत नाही, आणि सकाळी सुरू होताना ती अशी खोकते की शेजारचे काका आपलं औषध घेतात. पण मजा... मजा विचारू नका. चाळीसच्या वेगातसुद्धा आपण बँक लुटून पळतोय असं वाटतं हो.

मेहुणा म्हणाला, दाजी, आता मजासुद्धा नव्या गाडीतच, ही काढून टाका. आणि बायको लगेच म्हणाली, काढाच, मला गॅरेज हवंय. तिचंही चूक नाही. शिवणाचा क्लास आहे तिचा, चार मशिनं दिवाणखान्यात, सोफ्यावर बसताना मी आधी टाचण्या चाचपतो. मग ठरलं की रविवारी दोन्ही गाड्या घाटात न्यायच्या, सासूबाईंनी दोन्हींत बसायचं, आणि जिच्यात मजा कमी ती हरली. माझी हरली तर विकायची. सासूबाईच का? तर त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत, आम्हा दोघांना सारखीच नावं ठेवतात.

आधी नवी. मेहुण्यानं मोठ्या मनानं मलाच चालवायला दिली. गाडी चांगली आहे हो, मी कुठं नाही म्हणतोय. वेग बघितला तर शंभर, आणि वाटतंय की मी घरी पंख्याखाली बसलोय. जरा रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं, कडेच्या म्हशीला बघून गाडी आपण होऊन ब्रेक मारते, आणि मग आतून एक बाई म्हणतात, आपण थकलेले दिसता, विश्रांती घ्या. मी पन्नाशीचा माणूस, घरात हे रोज ऐकतो, त्यासाठी कर्ज काढू? शेजारी बघितलं तर सासूबाई झोपलेल्या, चक्क घोरत होत्या.

घाटाच्या पायथ्याशी परत आलो आणि माझ्या गाडीत बसलो. मेहुणा नवीत, मागे. पहिल्याच वळणावर सासूबाईंनी कवळी काढून पर्समध्ये टाकली. मीच बसवलेली कवळी, घट्ट बसवलेली, पण गाडीपुढे काय चालणार. केस उडतायत, बोलायचं तर ओरडून, खालून बुडाला दगडन् दगड कळतोय, आणि त्या हसायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो.

आणि गाडी बंद पडली. घाट संपून वर सरळ सपाट रस्ता लागतो ना, तिथंच. मेहुणा उतरून जवळ आला आणि नुसता हसला. ढकलण्याशिवाय इलाज नव्हता, आणि स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं, म्हणून सासूबाईंना तिथं बसवलं. मी गिअर टाकून दिला, समजावलं, क्लच दाबून धरा, मी हाक मारली की सोडा, गाडी सुरू झाली की ब्रेक दाबा. आम्ही ढकललं, मी हाक मारली, त्यांनी क्लच सोडला, गाडी खोकली, धूर सोडला, सुरू झाली.

शेवटचं तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

गेल्या हो! आम्ही नव्या गाडीत उड्या मारल्या, मेहुण्यानं बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं, अपडेट चालू आहे, कृपया थांबा. गाडी चांगली आहे हो, मी कुठं नाही म्हणतोय, पण सासू पळून जात असताना कृपया थांबा? पळालो आम्ही, बूट हातात घेऊन.

रस्ता संपतो तिथल्या बागेत, फुलांच्या वाफ्यात पुढचं चाक घालून गाडी उभी होती. सासूबाई अजून स्टिअरिंग धरून बसलेल्या. मी विचारलं, लागलं का कुठं? त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या सासऱ्यांनी मला जन्मभर गाडीचं फक्त दार लावायला दिलं. तेसुद्धा, हळू लाव, आपटू नकोस."

मेहुण्याला आईचं हे माहीतच नव्हतं.

मग त्यांनी कवळी घातली आणि निकाल दिला. नवी झोपायला उत्तम. मजा जुनीतच. मी मेहुण्याकडे बघून मिशीला हात लावतोय तोवर त्या पुढं म्हणाल्या, "म्हणून ही मी नेते."

आता गाडी त्यांच्या दारात असते, गॅरेजमध्ये चार मशिनं आणि नऊ बायका असतात. दर रविवारी सासूबाई फिरायला निघतात. त्या चालवतात.

मी ढकलतो.