बाजारात बसणारे सर

इथं जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. वहिनी, तुमच्यासमोर उभं राहून वाघमारे सर 'होते' असं म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. पण प्राचार्य साहेब म्हणले, शोभाताई, बाजारकऱ्यांच्या वतीनं तुम्ही बोला. म्हणून उभी राह्यले.

मी हसनाबादची. मिरची पावडर करते. सर इथं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. विद्यापीठानं लहान धंदेवाल्यांच्या मदतीचा सगळा कारभार ऑनलाइन केला. प्रयोगशाळेची तपासणी, जाणकारांचा सल्ला, रिपोर्ट, सगळं घरबसल्या. पण आमच्यातल्या कोणाला ते माहीत होतं? कोणालाच न्हाई. मंग सरांनी लॅपटॉप उचलला आणि भोकरदनच्या आठवडी बाजारात, कांद्यावाल्याच्या शेजारी, टेबल टाकून बसले.

पहिल्या बाजारी लोकांना वाटलं, सर आधार लिंक करून राह्यले. ही रांग लागली. दुसरा कोणी असता तर खेकसला असता. सर बसले करत. एकेकाचं काम झालं की हळूच विचारायचे, "धंदा काय करता? कुठं अडतंय?"

मीही आधार घेऊनच गेल्ते. म्हणलं, सर, माझी मिरची दोन-तीन महिन्यांत फिकी पडती. संभाजीनगरचे दुकानदार माल वापस करतात. सरांनी तिथंच विद्यापीठाकडं नोंद केली, नमुना पाठवला. थोड्या दिवसांनी रिपोर्ट माझ्या मोबाइलवर. मिरची चांगली, पण ओलावा जास्त. आणि पिशवी पारदर्शक, उजेडानं रंग उडतो.

मी भांडले. म्हणलं, "सर, लाल रंग दिसला न्हाई तर घेणार कोण?"

सर म्हणले, "माझं ऐकू नका. एक पिशवी दुकानात टांगा, एक डब्यात ठेवा. मंग मला शिव्या द्या."

टांगलेली फिकी पडली, डब्यातली लालच राह्यली. शिव्या द्यायची सोयच ठेवली न्हाई त्या माणसानं. आज माझ्याकडं गावातल्या बाया कामाला येतात. परतूरच्या एका मिस्त्रीनं पेरणीयंत्र सुधारलं, त्याचं चित्र विद्यापीठाच्या मुलांनी कॉम्प्युटरवर काढून दिलं. नवे उद्योग मोठ्या शहरात निघतात म्हणे. आमचे त्या टेबलावर निघाले.

वहिनी, तुमच्या घरचा आठवड्यातला तो बाजाराचा दिवस आम्ही खाल्ला. तुम्ही त्यावरून रागवायच्या, हे सरच हसत सांगायचे. आम्हाला माफ करा.

प्राचार्य साहेब, कानावर आलं की टेबल आता बंद होणार. ते सरांचं स्वतःचं काम होतं, कॉलेजचं न्हाई म्हणे. बराबर असेल. पण सर गेल्यावरच्या पहिल्या बाजारी मी गेल्ते. हातभर जागेसाठी आम्ही एकमेकांच्या अंगावर जातो. ती जागा कोणी घेतली न्हाई. कांद्यावाल्यानं पोतंसुद्धा टेकवलं न्हाई. एक बाई हळदीची पिशवी घेऊन दुपारपर्यंत तिथं बसून होती. तिला माहीतच नव्हतं. मला सांगावं लागलं.

ती रडली. मंग म्हणली, "आता कोण बसणार?"

मी म्हणलं, पुढच्या बाजारी या.

इथं सरांचे सोबती प्राध्यापक आहेत, विद्यापीठाची माणसं आहेत. आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं शांत राहू, सरांना आठवू. आणि तेवढ्यात तुमच्यापैकी एकानं तरी ठरवा, त्या बाईसमोर कोण बसणार.

सर, जय भीम.