आधी हात दाखवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ पशुवैद्यक मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या डॉक्टरबाई, दवाखान्यातले सहकारी, आणि ठेवणीतले कपडे घालूनही त्यांना चार केस चिकटवून आलेले समस्त श्रोतेहो, सर्वांना माझा नमस्कार.

दवाखान्याच्या दाराशी जे टेबल आहे, तिथे मी बसते. तुमच्यापैकी अनेकांना माझा आवाज फोनवरून माहीत आहे, चेहरा आज पाहत असाल. मला सभेत बोलायची सवय नाही. माझी शाळा बरीच वर्षं घरातच भरली. वडील गणित शिकवायचे, आत्या भाषा. वर्गात मी एकटीच, त्यामुळे पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच. त्या शाळेचा नियम एकच होता: माहीत नसेल तर तसं सांगायचं, उगाच ठोकून द्यायचं नाही. म्हणून आज मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगते.

आपल्या दवाखान्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न कोणता? औषध कडू आहे का, हा नव्हे. "माझं दुखणं याला लागेल का हो? आणि याचं मला?" हा. मलमपट्टी करणारे आमचे ड्रेसरकाका म्हणतात, "एवढी चौकशी लोकांनी लग्न ठरवताना केली असती तर!"

बाईंनी या प्रश्नाला सरसकट हो किंवा सरसकट नाही असं उत्तर कधीच दिलं नाही. कुणी सांगितलं की कुत्रा चावला, तर त्यांचा आवाज चढायचा. "आधी नळाखाली साबणाने भरपूर धुवा, तसेच इंजेक्शन घ्यायला जा, मग सावकाश माझ्याशी भांडायला या." आणि कुणी विचारलं, मला सर्दी झालीय, हिला होईल का, तर म्हणायच्या, "साधी सर्दी बहुतेक नाही लागायची. पण फ्लू असेल तर बरं वाटेपर्यंत तोंडाला तोंड लावू नका. तसंही तिला ते आवडत नाही."

आणि त्यांची एक पद्धत. जनावर टेबलावर ठेवलं, की बाई त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. आणणाऱ्याला म्हणायच्या, "आधी हात दाखवा." दिव्याखाली तळवे, मनगटं, बोटांच्या बेचक्या, सगळं उलटसुलट करून पाहायच्या. कितीतरी जण चक्रावायचे. एक गृहस्थ तर म्हणाले, "बाई, भविष्य नंतर सांगा, आधी बोक्याचं बघा!"

मी पहिल्यांदा आले ती पेशंट घेऊनच. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते, आत्या त्यांच्याही आधी गेली होती. घरात मी आणि वडिलांची पांढरी मांजर, खडू. तिच्या कानामागचे केस गेले होते आणि माझ्या मनगटावर गोल लाल चट्टा उठला होता. मी काय केलं? खडूला बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि मधलं दार लावून घेतलं. हातमोजे घालून तिला जेवण द्यायचं. उन्हाळ्यातही लांब बाह्या. लिफ्टमध्ये कुणी असलं की मी जिन्याने जायचे. खडू दारापलीकडून नखांनी खरवडायची आणि मी अलीकडे बसून राहायचे. कोणापासून कोणाला वाचवत होते, तेही कळत नव्हतं.

बाईंनी मोजे काढायला लावले. मी म्हटलं, "नको, तुम्हाला लागेल." त्या म्हणाल्या, "मुली, मी धुते ना हात नंतर." आणि त्यांनी माझा हात धरला. वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनी धरला होता, त्यानंतर तो कुणीच धरला नव्हता. बाई चट्टा बघत होत्या. मी छताकडे बघत होते, कारण खाली बघितलं असतं तर रडले असते.

"नायटा आहे," त्या म्हणाल्या. "हिलाही, तुलाही."

"मी दिला तिला?"

"तू दिलास की तिने दिला, ते मला नाही सांगता येणार. दोघींनी औषध लावायचं. तुझं मात्र माणसांच्या डॉक्टरकडून घे. मी दिलं तर माझ्या पाटीवरचं नाव पुसतील."

आम्ही दोघी बऱ्या झालो. तरी बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात दाखवायला या." मग त्याच्याही पुढच्या. पुढे मी दवाखान्याच्या दाराशी टेबल सांभाळायला लागले तेव्हा लक्षात आलं, की बरं झालेल्या मांजरीला असं परत परत कुणी बोलावत नाही.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. बाईंची परवानगी आहे, मी दोनदा विचारलं. दवाखाना का बंद होतोय हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंना जी औषधं सुरू आहेत, त्यांनी अंगातली प्रतिकाराची ताकद कमी होते. जे दुखणं आपल्याला खाज देऊन जातं, ते त्यांना महागात पडू शकतं. म्हणून रोजचे पेशंट थांबले. ते पटलं.

पण परवा बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "ठिगळीसाठी एखादं घर बघून ठेव." ठिगळी म्हणजे त्यांची म्हातारी, तीन रंगांची मांजर. इतकी वर्षं "जनावर सोडून देणं हे औषध नव्हे" असं ज्यांनी आपल्याला दरडावून सांगितलं, त्या हे म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगता ना, मांजर ठेवता येतं. तिची घाण दुसऱ्याने काढायची, ओरखडे टाळायचे, हात धुवायचे."

त्या म्हणाल्या, "अगं, दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

तेवढ्यात फोन वाजला. मी तो उचलला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आज देते. सर्वांसमोर देते, कारण एकांतात बाई मला गप्प करतील.

बाई, मी घर बघितलं. ते तुमचंच आहे. ठिगळीच्या घाणीची माती रोज सकाळी मी बदलेन. तुमच्या डॉक्टरांना विचारून घेतलंय. ते म्हणाले, दुसरं कुणी करणार असेल तर मांजर राहू द्या. माझ्या घरी खडू आहे, म्हणून येण्याआधी कपडे बदलेन. मला जरा जरी खोकला असला तर ड्रेसरकाका येतील. ते मागून मान हलवताहेत, बघा.

आणखी काय बोलू? अध्यक्ष महोदयांनी मला वेळ दिला, तुम्ही कुजबुज न करता ऐकलंत, सर्वांची मी आभारी आहे. मोठ्यांसमोर काही जास्त बोलून गेले असेन, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर घरच्या शाळेतली मुलगी म्हणून पोटात घाला.

आणि बाई, उद्या सकाळी बेल वाजली की लगेच आत घेऊ नका. मी दोन्ही हात पुढे करून उभी असेन. आधी ते बघा.